जाळ्यावरचा बूट

सरांचा बूट आमच्या जाळ्यावर होता.

तपकिरी, नाडीचा, पॉलिश केलेला. डाव्या पायाचा. वरच्या दोरावर, जाळं तरंगतं ठेवणाऱ्या दोन बोयांच्या बरोबर मध्ये. सर फळ्याकडे तोंड करून बोलत होते. आपण कशावर उभे आहोत ते त्यांच्या गावीही नव्हतं. खाली लॅबच्या फरशीवर माझे वडील उकिडवे बसलेले. अनवाणी. जाळ्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात. ते ओढत नव्हते. बूट आपणहून उचलला जाईल म्हणून वाट बघत होते.

बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "सायब, पाय."

सरांनी खाली बघितलं आणि हसले. "अरे, जाळंच आहे ना? मासे आहेत का त्यात?"

वर्ग हसला. मीही हसले.

हे आधीच सांगून टाकते. पुढे मी माझी बाजू मांडत जाईन, तेव्हा हे लक्षात असू दे. मी हसले होते.

आमच्या खारवीवाड्यात, मासेमारांच्या वाडीत, जाळ्याला चप्पल लागू देत नाहीत. वाळत घातलेलं असलं तरी लोक वळसा घालून जातात. होडीत जाळं भरायला बसायचं तर पायातलं लांब काढून बसायचं. लहान पोराला बोलता येण्याआधी हे येतं. बाबा लॅबमध्ये आले तेव्हाही त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या होत्या. मुलांना वाटलं, खेडवळ माणूस, कॉलेजला देऊळ समजला. मी काही बोलले नाही.

आता ते तिथे का आले होते ते सांगते.

मी शेवटच्या वर्षाला होते. आमच्या वाडीतून विज्ञान शाखेला आलेली मी एकटीच. सर आम्हाला पेशीशास्त्र शिकवायचे, आणि फार सुंदर शिकवायचे, यात खोटं नाही. त्यांच्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प असायची. मला त्यांनी स्वतःच्या कपाटातली पुस्तकं घरी न्यायला दिली होती. "डोकं आहे तुला," असं आयुष्यात मला पहिल्यांदा म्हणणारा माणूस तो. वाडीत मी आबोली माळणारी, मासळी निवडणारी पोर. डोक्याचं कोणी नाव काढलं नव्हतं. म्हणून सर म्हणतील ते खरं, असं माझं झालं होतं.

बाबा येण्याआधीच्या एका तासाला ते डीएनए शिकवत होते. म्हणाले, तुमच्या एकेका पेशीत दोन मीटर धागा आहे. ती पेशी डोळ्याला दिसत नाही, आणि धागा आहे तिच्याही पोटातल्या केंद्रकात. केंद्रक सोललेल्या नारळाएवढं झालं असं धरा. मग आतला धागा इथून लांज्यापर्यंत जाईल. आणि जाडीला केसापेक्षा बारीक. आता तो नारळात भरून दाखवा.

आम्ही सगळे लांज्याच्या एसटीचा रस्ता डोळ्यापुढे आणून नारळात कोंबत बसलो.

मग त्यांनी युक्ती सांगितली. हिस्टोन नावाची प्रथिनं असतात, बारक्या मण्यांसारखी. त्यांच्यावर धन भार, धाग्यावर ऋण भार, म्हणून धागा त्यांना चिकटतो. एकेका मण्याभोवती पावणेदोन वेढे घेतो आणि पुढच्या मण्याकडे जातो. अशी माळ तयार होते. मला लगेच आमच्या जाळ्याचा वरचा दोर दिसला. ओळीने बोये असलेला. मी मनात म्हटलं, हे तर मला माहीत आहे.

पुढे सरांनी खिशातून टेलिफोनच्या रिसीव्हरची वायर काढली. गुंडाळ्यागुंडाळ्यांची. म्हणाले, ही माळ मग अशी नीट, गोल गोल पीळ घेत जाते. एकावर एक, शिस्तीत. निसर्गाची शिस्त बघा.

मी हात वर केला.

मी विचारलं ते असं होतं. इतकं घट्ट गोल गुंडाळलं तर मधला भाग वाचायचा असेल तेव्हा पेशी काय करणार? सगळं उलगडणार? आमच्याकडे जाळं गोल नाही गुंडाळत. तसं केलं तर पीळ बसतो आणि समुद्रात टाकताना गाठ होते. आमच्याकडे डावीउजवीकडे सैल घड्या घालत भरतात. बघणाऱ्याला तो ढीग वाटतो. पण कुठूनही ओढलं तरी सुटतं.

हे माझं नव्हतं. बाबांचं होतं. लहानपणी शेजारी बसवून त्यांनी शिकवलेलं. बोये माझ्या बाजूला, जाळं बुडवणारं शिसं त्यांच्या बाजूला. मी एकदा हौसेने दोर छान गोल गुंडाळून ठेवला होता, तर ते म्हणाले होते, "बाय, ह्यो पीळ उद्या दर्यात कोण काढील? जाळा दिसायला बरा नको. सुटायला बरा होवा."

सरांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग वर्गाकडे बघून म्हणाले, चला, बोलवू या एखाद्या माणसाला. बघू या वाडीतलं जीवशास्त्र.

मला तो मान वाटला. खरंच. मी घरी धावत गेले.

कॉलेजात यायच्या दिवशी बाबांनी होडी बंदरातच ठेवली. माझ्या मामाच्या लग्नात शिवलेला पांढरा शर्ट काढला. अजून दर्यात न घातलेलं, वास येणार नाही असं नवं जाळं घेतलं. एकच विचारलं, तिथे इंग्रजीत काही विचारणार नाहीत ना. मी म्हटलं, तुम्ही फक्त भरून दाखवा.

त्यांनी दाखवलं. एका मोठ्या टबात. डावी, उजवी, डावी, उजवी. त्या हातांकडे बघत मी वाढले होते, पण लॅबच्या ट्यूबलाइटखाली ते पहिल्यांदाच बघितले. मग एका मुलाला टोक ओढायला सांगितलं. सगळं जाळं सरसर फरशीवर आलं. एकही गाठ नाही. पुन्हा भरलं. एका मुलीला म्हणाले, मधल्या कुठल्या पण बोयाला बोट लाव. तिने लावलं. बाबांनी तेवढाच फास वर उचलला. बाकीचं जागेवर. पुन्हा खाली सोडला, तो आपल्या जागी बसला.

क्षणभर वर्ग गप्प झाला होता. ती शांतता मी अजून विसरले नाही.

मग पुन्हा एकदा कोणीतरी टोक ओढलं, जाळं फरशीवर पसरलं, आणि सर पुढे आले. म्हणाले, छान. हे झालं अडाणी हाताचं काम. आता निसर्ग तेच काम किती नेटकं करतो ते बघा. आणि फळ्यावर तो टेलिफोनच्या वायरीसारखा पीळ काढायला वळले. वळताना पाय जाळ्यावर पडला. तो तिथेच राहिला.

तो बूट किती वेळ होता ते सांगता येत नाही. आकृती मोठी होती. सरांना नावं सुवाच्य लिहायची सवय होती.

तास संपल्यावर सरांनी शिपायाला फिनेल घेऊन बोलावलं. बाबा अजून जाळं गोळा करत होते. शिपाई त्यांच्या भोवतीने पुसायला लागला. हात धुता धुता सरांनी सहज विचारलं, "कोण गं हे तुझे?"

आजूबाजूला माझ्या वर्गातली मुलं. नुकतीच हसून थांबलेली. फिनेलचा वास. बाबांच्या शर्टाला काखेत उसवलेलं मला तेव्हाच दिसलं.

मी म्हटलं, "वाडीतले आहेत."

बाबांचा हात जाळ्यावर थांबला. फार नाही. एक घडी घालायला लागते तेवढाच वेळ. मग पुन्हा चालू झाला. जाळं खांद्यावर टाकून ते निघाले, दाराशी माझ्यासमोर आले, आणि परक्या मुलीला म्हणतात तसं म्हणाले, "येतो हां, ताई."

मला ते बाय म्हणायचे. जन्मल्यापासून.

त्यांनी माझं खोटं सांभाळून घेतलं होतं. मी पडू नये म्हणून.

घरी आईने विचारलं, कसं झालं. बाबा म्हणाले, "बरा झाला. पोरा हुशार हत सगळी." आणि जेवले. त्यानंतर तो विषय आमच्या घरात कधीही निघाला नाही. त्यांनी काढला नाही आणि मी तर नाहीच.

पुढच्या शिक्षणाला शिफारसपत्र देतो असं सर म्हणाले होते. दिलं नाही. म्हणाले, तुझ्या घरची परिस्थिती बघता तुला नोकरी बरी. आणि त्याच लॅबमध्ये मला सहायक म्हणून लावलं. त्यांच्या शब्दावर लागले, हे मी विसरू नये म्हणून ते अधूनमधून आठवण द्यायचे. मी विसरलेही नाही. वीस वर्षांहून जास्त मी त्या फरशीवर उभी आहे. कांद्याची मुळं वाढवते, त्यांची टोकं कापते, रंगात उकळते, काचेवर दाबते. मुलं सूक्ष्मदर्शकात बघून ओरडतात, ताई, गुणसूत्रं दिसली. विभागणीच्या वेळी धागे आखडून जाड होतात, म्हणून दिसतात. एरवी ते मोकळे पसरलेले असतात आणि आपल्याला नुसता रंगाचा डाग दिसतो. खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

सर निवृत्त झाले. आणि त्यानंतर एक दिवस नवीन पुस्तक घेऊन लॅबमध्ये आले. तरुण माणसासारखे उत्साहात. म्हणाले, बघ, सगळं बदललं. आता पेशी न फोडता आत बघता येतं, आणि बघितलं तर तो नेटका पीळ कुठे सापडतच नाही. माळ आहे, मणी आहेत, पावणेदोन वेढे आहेत. पण पुढे ती माळ कशीही वळलेली. कुठे दाट, कुठे विरळ. बघणाऱ्याला ढीग वाटावा अशी. जे वाचायचं नाही ते बहुतेक काठाला, भिंतीजवळ दाबून ठेवलेलं. जे वाचायचं ते सैल. फास बाहेर येतो, काम झालं की आत जातो.

मी ऐकत उभी होते. मला वाटलं, आता हे म्हणतील. आता यांना आठवेल.

त्यांना आठवलंच. म्हणाले, "तुमच्या वाडीतला तो कोळी होता ना, त्याच्याकडून बोयांचा एखादा दोर मिळेल का? बरणीत भरून दाखवायला मस्त होईल."

मी म्हटलं, मिळेल.

तेव्हा तरी बोलायचं होतं. वय चाळिशीचं, नोकरी पक्की, सर निवृत्त. कशाची भीती होती? कसलीच नाही. सवय होती. शिवाय मला वाटलं, सर आता बाबांची रीत सगळीकडे दाखवणार, म्हणजे कधीतरी त्यांचं नावही सांगणारच. माझा त्यांच्यावर विश्वास होता. इतकं होऊनही होता. ही गोष्ट मला आज सगळ्यात जास्त टोचते.

बाबा तेव्हा थकलेले. होडीवर जात नव्हते, ओट्यावर बसून इतरांची जाळी दुरुस्त करायचे. मी दोर मागितला. ते उठले, माळ्यावर चढले आणि एक जाळं खाली टाकलं. मी ओळखलं. तेच. नवंकोरं असल्यासारखं. मी विचारलं, हे वापरलं नाहीत?

म्हणाले, नाय. पाय पडलेला जाळा दर्यात कसा घालणार.

त्या काळी एका जाळ्याला घरातल्या सगळ्यांच्या किती संध्याकाळी लागायच्या ते मला माहीत होतं. माझ्याही लागल्या होत्या. ते जाळं इतकी वर्षं माळ्यावर आहे हे मला माहीत नव्हतं. मी माळ्यावर कधी बघितलंच नव्हतं.

त्यांनी सुरीने बोयांचा दोर कापून वेगळा केला. छोटे बोये निवडून बसवले. मी सांगितलं तसे एकेका बोयाला पावणेदोन वेढे दिले. पावणेदोनच का, पूर्ण दोन का नाही, असं विचारलं. मी म्हटलं, पेशीत तसंच असतं. मान हलवली आणि वेढा मोजून सोडला. मग दोर माझ्या हातात देताना म्हणाले,

"तेवढा सांग तुज्या सरांना. पायातला काढून हात लावा म्हणावा."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली गोष्ट ती एवढीच.

मी सांगितलं नाही.

सर गावोगाव व्याख्यानं द्यायला लागले. शाळांत, कॉलेजांत, वाचनालयांत. देवरूख, लांजा, गणपतीपुळ्याच्या वाटेवरची हायस्कुलं. दर वेळी आदल्या दिवशी मी बरणी भरायची. काचेसारखी दिसणारी प्लॅस्टिकची बरणी. डावी, उजवी, डावी, उजवी. सर मंचावर टोक ओढायचे, सरसर दोर बाहेर यायचा, मुलं टाळ्या वाजवायची. मग मधलाच एक फास वर काढायचे. पुन्हा टाळ्या. सरांना भरता येत नव्हतं. ओढता यायचं.

मी घरी आले की बाबा विचारायचे, "सुटला नीट?"

मी म्हणायची, सुटला.

एकदा त्यांनी विचारलं, सांगितलंस काय त्यांना? पायातला काढायचा?

मी म्हटलं, सांगितलं.

"मग?"

"काढले त्यांनी. दाराबाहेरच काढून आले."

बाबांचा चेहरा खुलला. संध्याकाळी शेजारच्या माणसाला ते सांगत होते, मी आतून ऐकलं. ते सर, एवढे शिकलेले, पण आपल्या दोराला हात लावायचा तर पायातला काढतात. माणूस मोठा आहे, म्हणाले.

मी चुलीपुढे बसून राहिले.

त्या समजुतीतच ते गेले, दोन वर्षांपूर्वी, पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात त्या दिवसांत. मी बाहेर जाऊन खरं सांगू शकले असते. ओटा चार पावलांवर होता.

माझ्या आतही काठाला दाबून ठेवलेलं पुष्कळ आहे. न वाचायचं. ते नाहीसं होत नाही, हे मी रोज मुलांना शिकवते.

आता यंदाचं.

सरांच्या व्याख्यानांचं पुस्तक निघायचं ठरलं. आमच्याच कॉलेजात समारंभ. आकृत्यांची नावं बरोबर आहेत का बघ म्हणून छापायला जाण्याआधीची पानं त्यांनी मला दिली. शेवटचं प्रकरण जाळ्यावर होतं. मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं.

सरांनी लिहिलं होतं की आरे-वारेच्या किनाऱ्यावर एका संध्याकाळी ते एकटेच फिरत असताना कोणी कोळी जाळं भरताना दिसला आणि त्यांना एकदम हे सुचलं. लिहिलं होतं की त्या निरक्षर माणसाला आपण निसर्गाचं केवढं मोठं रहस्य हातांनी करतो आहोत याची कल्पनाही नव्हती. ते अर्थातच विज्ञानाच्या डोळ्यालाच दिसायचं.

बाबा सातवी शिकले होते. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे.

पुस्तकात टेलिफोनची वायर कुठेच नव्हती. माझा वर केलेला हात नव्हता. लॅब नव्हती, टब नव्हता. आभाराच्या पानावर सगळ्यात शेवटी माझं नाव होतं. बरणी भरून दिल्याबद्दल.

मी आधीची असते तर ते नाव बघून सुखावले असते. हे कळलं तेव्हा मला स्वतःची किळस आली.

समारंभाच्या सकाळी सर शाल घेऊनच लॅबमध्ये आले. बरणी टेबलावर रिकामी. दोर बाजूला. म्हणाले, अजून भरली नाहीस?

मी म्हटलं, "सर, तुम्ही भरा."

"मी?"

"तुम्हाला सुचलंय ना."

ते हसले. चेष्टेला वेळ नाही गं आता, म्हणाले, आणि एका नव्या प्राध्यापकाला हाक मारली. त्या बिचाऱ्याने दोर हाताभोवती छान गोल गोल गुंडाळला आणि बरणीत बसवला. दिसायला फार सुरेख. मी बघत होते. मला माहीत होतं काय होणार. मी बोलले नाही. या वेळचं माझं गप्प राहणं पहिल्यांदाच माझं स्वतःचं होतं.

मंचावर सरांनी टोक ओढलं. चार-पाच बोये आले आणि बरणीच्या तोंडाशी गोळा अडकला. त्यांनी झटका दिला. बरणीच उचलली गेली. सभागृहात कुजबुज. मला वाटलं, आता.

पण सर कसलेले. माइकपाशी वाकून म्हणाले, बघा, पेशीत असं झालं की आपण आजारी पडतो. लोक हसले, टाळ्या पडल्या. नेहमीपेक्षा जास्त. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, या ताई, हे तुमचं काम.

मी उठले. मंचाच्या पायरीशी चपला काढल्या. वर गेले. बरणीला हात लावला नाही.

मी म्हटलं, "सर, आधी पायातलं काढा."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. हा दोर हातात घ्यायचा तर पायातलं काढतात. ज्याने तो बनवला त्याने तुम्हाला हे सांगायला सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. आज सांगते. तो माणूस तुम्हाला आरे-वारेला दिसला नव्हता. तो आपल्या लॅबमध्ये आला होता, पांढरा शर्ट घालून. त्याच्या जाळ्यावर तुमचा बूट होता. तुम्ही त्याला अडाणी म्हणालात, आणि मी म्हटलं होतं, वाडीतले आहेत. ते माझे वडील होते.

माइक चालू होता.

सरांचा चेहरा पडला. ते नाटक नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. त्यांना खरंच लागलं. अगदी मायेने म्हणाले, "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? तुझे वडील आहेत म्हटल्यावर मी असा वागलो असतो का?"

सभागृहातल्या चारदोन माना हलल्या. खरं आहे, का नाही सांगितलं हिने.

इतकी वर्षं मी याच प्रश्नाला घाबरत होते. तो आला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. माझी चूक मोठी आहे, ती माझीच आहे. पण तिच्याआड सरांचा बूट लपवायचा नाही. माझे वडील म्हणून त्यांनी पाय उचलला असता. म्हणजे वाडीतला कोणी असता तर ठेवलाच असता. माझ्या खोट्याने एवढंच झालं, की ते कसे आहेत ते उघडं पडलं.

मी म्हटलं, "वाडीतले असते तरी पाय उचलायचा होता, सर."

त्यांनी बूट काढले नाहीत. मी बरणी काखेत घेतली, चपला हातात घेतल्या आणि मधल्या वाटेने बाहेर आले. कोणी अडवलं नाही. कोणी सोबतही आलं नाही. मागे सूत्रसंचालक पुढच्या कार्यक्रमाकडे वळू या म्हणत होता.

आता मला माफीचं पत्र लिहून द्यायला सांगितलं आहे. दोन ओळी पुरतील, असं प्राचार्य समजुतीने म्हणाले. ज्येष्ठ माणूस आहे, आजारी असतात, तुम्हालाही नोकरीची काही वर्षं राहिलीत.

त्या दोन ओळी मी लिहिणार नाही. माफी मला एकाच माणसाची मागायची होती. तो आता नाही, आणि ती राहिली ती राहिली. ती दुसऱ्या कोणाला देऊन फिटणार नाही. पत्राऐवजी हे लिहिलं आहे. प्राचार्यांना हेच देणार.

गाठ सोडवायला मला दुपार लागली. ओट्यावर बसून सोडवली. जिथे ते बसायचे तिथे. मग बरणी पुन्हा भरली.

सोमवारी शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक आहे. मी बरणी टेबलावर ठेवणार. फळ्यावर माळ काढणार, मणी, पावणेदोन वेढे, आणि पुढचा सैल ढीग. त्याच्या वर लिहिणार, ही रीत गंगारामची. खाली लिहिणार, माझे वडील. आणि दाराबाहेर कागद चिकटवणार, दोराला हात लावायचा असेल त्याने पायातलं इथे काढावं.

विद्यार्थ्यांनी. प्राध्यापकांनी. प्राचार्यांनी.

सर आले, तर सरांनीही.